रस्त्याच्या कडेला बसून काढलेली चित्रं

मी बरी झाले आहे, हे आधीच सांगून टाकते. हे वाचणारी एखादी बाई आत्ता हाताला सुई लावून पडलेली असेल, तर तिला शेवटपर्यंत धाकधूक नको. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं होऊन आता दोन वर्षं होत आली. केस परत आले, जेवण जातं, पायऱ्या चढता येतात. तरी हे लिखाण आनंदाचं नाही. ज्यांच्यासाठी मी ते लिहितेय, ते पेशंट नाहीत. पेशंटबरोबर येणारी, बाकावर बसून राहणारी माणसं आहेत.

रविवार

सोलापुरात मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचे. माझे मिस्टर, नागनाथ, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मूळचे मोहोळजवळच्या एका खेड्यातले. चित्रकलेशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांनी चित्रकलेच्या बाईशी लग्न केलं. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, आणि म्हणून ते स्वतः मोठ्यानं बोलायचे.

आमचा रविवार ठरलेला होता. सकाळी सहाला स्कूटर काढायची आणि गावाबाहेर पडायचं. कधी हिप्परग्याच्या तलावावर, कधी दुधनीच्या रस्त्याला तुरीच्या रानात, कधी नुसतंच एखाद्या ओढ्याकाठी. मी पॅड घेऊन बसायचे. ते सतरंजी पसरून पेपर वाचायचे आणि ऊन माझ्या कागदावर आलं की न सांगता छत्री धरायचे.

आमच्याकडं डोंगर नाहीत, हिरवं फारसं नाही. बघणाऱ्याला वाटतं, इथं काढण्यासारखं आहे काय? पण काळं रान सकाळी सातला एका रंगाचं असतं आणि आठला दुसऱ्या. दूरवर एकच बाभळ असली तर तिच्यामुळं सगळ्या माळाला माप मिळतं. हे मी मुलींना वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण कळायचं ते तिथं जमिनीवर बसल्यावरच.

कागद-पेन्सिल घेऊन बसलेली बाई दिसली की लोक हमखास येऊन उभे राहायचे.

"रस्ता रुंद होनार हाय का, मॅडम? मोजनी चाललीय न्हवं?"

"नाही हो, नुसतं चित्र काढतेय."

"कुनासाठी?"

याचं उत्तर मला कधीच नीट देता आलं नाही. मग नागनाथ पेपरातून डोकं वर काढून मोठ्यानं सांगायचे, "माज्यासाटी काढतीया. मला घरी बसून रान बघायचं असतंय."

पॅडची कड

मी पॅडची एक कड छातीला टेकवून काढते. वाईट सवय आहे, मुलींना मी तसं करू देत नसे. एका रविवारी डाव्या बाजूला ती कड टोचायला लागली. पॅड जरा खाली घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा टोचलं. घरी येऊन अंघोळ करताना हात लावून बघितला, तर हरभऱ्याएवढं काहीतरी कडक हाताला लागलं. मी ते तीन आठवडे कुणालाच सांगितलं नाही. शाळेत ग्रेड परीक्षेचं काम होतं, एवढंच कारण. तीन आठवड्यांनी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ते खरं की माझं मन राखायला, मला माहीत नाही.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेन स्टँडची सावली बघत होते. नागनाथनी एकच प्रश्न विचारला. "हिला शाळेतनं सुट्टी किती टाकावी लागल?" डॉक्टर म्हणाले, बरीच.

येताना त्यांनी स्कूटर चहाच्या गाड्यापाशी थांबवली. दोन चहा सांगितले. दोघांनीही ग्लास हातात धरले आणि ते गार होईपर्यंत कुणी तोंडाला लावले नाहीत. मग ते म्हणाले, "मनीषाला फोन तू करतीस का मी करू?" मनीषा आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते, नोकरी आणि लहान बाळ. मी म्हटलं, "तुम्ही करा." एवढ्या मोठ्यानं बोलणारा माणूस, त्या दिवशी फोनवर काय बोलला ते मला शेजारच्या खोलीत ऐकू आलं नाही.

खिडकीत भिंत

ऑपरेशन दसऱ्याच्या आसपास झालं. दिवाळीनंतर केमो सुरू झाले, दर तीन आठवड्यांनी एक. सकाळी नऊला जायचं, रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा, खुर्ची मिळेपर्यंत थांबायचं, आणि मग चार-पाच तास थेंब मोजत बसायचं. पहिल्या वेळेला भीती वाटते, दुसऱ्या वेळेला जास्त वाटते, कारण आता पुढं काय होणार ते माहीत असतं. तोंडाला चव नाही. शेंगाचटणी म्हणजे माझा जीव, ती मातीसारखी लागायची. केस गेले तेव्हा मी रडले नाही. भुवया गेल्या तेव्हा रडले. आरशातला चेहरा मला पेन्सिलीनं अर्धवट काढून खोडल्यासारखा दिसायचा.

तिसऱ्या केमोनंतर बोटांना मुंग्या आल्या आणि जाईनात. पेन्सिल हातात आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळायचं नाही. माझ्या खुर्चीसमोर खिडकी होती आणि खिडकीत शेजारच्या इमारतीची भिंत. मी चिडून म्हणाले, "इथं डोळ्याला काहीच नाही. निदान मोकळं काही दिसलं असतं."

नागनाथ त्याच्या आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते. पुढच्या केमोला त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. हिप्परग्याचा तलाव. त्यांनी स्वतः काढलेला. साठाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. सलाईन बदलायला आलेली सिस्टर वाकून बघत म्हणाली, "काका, हा डोंगर आहे का पाव?"

"तलावाचा बांद हाय त्यो," ते म्हणाले. सगळा वॉर्ड ऐकत होता.

मी हसले. बऱ्याच दिवसांनी. फोटो का नाही काढून आणला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "फोटो काय, बटन दाबलं की झाला. तू तितं बसायचीस तेवढा येळ मला बी बसाया पायजे की."

शेरे

त्यानंतर ते आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागले. मला सकाळचं औषध द्यायचं, शेजारच्या भाभींना लक्ष ठेवायला सांगायचं, आणि तलावावर जाऊन यायचं. लांब जायला वेळ नव्हता, म्हणून नेहमी तोच तलाव, तोच बांध. आल्यावर कागद माझ्यासमोर ठेवायचे आणि "बाई, तपासा" म्हणायचे.

मी तपासायचे. जाड स्केचपेन मुठीत धरून, लहान पोरासारख्या अक्षरात कोपऱ्यात शेरा लिहायचे. "क्षितिज वाकडं." "झाडाला बुंधा असतो." "छान." ते शेरे मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि पुढच्या वेळी खरोखरच झाडाला बुंधा काढायचे.

हे सगळं गोड वाटतंय वाचताना, पण मी गोड नव्हते. आजारपणात माणूस चांगला होतो असं ज्यांनी लिहिलंय, त्यांनी माझ्यासारख्या पेशंटला बघितलेलं नाही. भात गिच्च झाला म्हणून मी ताट सरकवायचे. ते दूध घेऊन आले आणि जिन्यात जरा थांबले, तर "कुठं राहिलात" म्हणून आतून ओरडायचे. एकदा तर मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्ही मस्त बाहेर हिंडताय. मी इथं सडतेय." ते तसेच माझ्या पायाला तेल लावत राहिले.

त्यांना अधूनमधून पित्त व्हायचं. छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायचे. मी म्हणायचे, तिखट कमी खा. एवढंच.

होळी होऊन गेली, ऊन तापायला लागलं. त्यांची चित्रं मला बिघडल्यासारखी वाटायला लागली. आधी बांधावरून दिसणारं लांबलचक पाणी असायचं, पलीकडचा काठ असायचा, उडणारे पक्षी म्हणून चार टिकल्या असायच्या. आता पाण्याची नुसती एक रेघ. मग तीही नाही, कागदभर बांधाची चढण आणि वर थोडं आभाळ. मला वाटलं, उन्हाळा लागला, पाणी आटलं असेल. आणि हा माणूस आता कंटाळला, वर जाऊन बघायचा आळस करतोय. मी कोपऱ्यात लिहिलं, "जरा वर चढा." त्याच्या पुढच्या चित्रावर, "जागा बदला." त्याच्याही पुढच्या चित्रावर पुन्हा, "वर चढा, पाणी दाखवा."

त्यांनी तेही शेरे मोठ्यानं वाचले. म्हणाले, "चडतो की. तुज्यासंगं चडतो, तू बरी झाल्यावर."

सकाळ

केमो संपले आणि रेडिएशन सुरू झालं. रोज सकाळी दहाला जायचं, शनिवार-रविवार सोडून. शेवटचे आठ दिवस उरले होते. त्या दिवशी ते सहाला तलावावर गेले. "साडेनऊला हितं असतो," म्हणाले. मी डोक्याला रुमाल बांधून तयार होऊन बसले. साडेआठला माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. एक दूधवाला होता. काकांना सरकारी दवाखान्यात नेतोय म्हणाला. पॅडच्या मागच्या पानावर हा नंबर लिहिलाय म्हणाला. वस्तूवर नाव-पत्ता-नंबर घालायची सवय मीच त्यांना लावली होती.

शेजारचे सलीमभाई रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "वहिनी, बसा, काही विचारू नका, बसा नुसतं." आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीला पेन्सिलीचं काळं लागलेलं होतं. चित्र काढताना कागदावर हात घासला की लागतं तसं. मी ते पुसलं नाही.

"हलू नका"

लोक विचारतात, मग तुमची ट्रीटमेंट? ट्रीटमेंट थांबत नाही. दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मनीषाला फोन आला, की जास्त खंड पडू देऊ नका. चौथ्या दिवशी मनीषा मला घेऊन गेली.

रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर घेऊन पडायचं असतं. छातीवर शाईच्या खुणा केलेल्या असतात, त्या खुणांवरून यंत्र जुळवतात. हुंदका आला की छाती हलते. छाती हलली की खूण सरकते. टेक्निशियन बाई बाहेर गेली, दार बंद झालं आणि स्पीकरवरून तिचा आवाज आला, "मॅडम, हलू नका." मी श्वास अर्धा घेतला. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, तेवढं चालतं. ती पुन्हा म्हणाली, "अगदी थोडा वेळ, मॅडम." तिला माहीत होतं. नंतर कपडे घालताना तिनं माझ्या ब्लाउजचं हूक लावून दिलं, कारण माझ्या बोटांना ते जमत नव्हतं. त्या दिवसांत ज्यांनी मला सांभाळलं, त्यांच्यात मी तिचं नाव पहिलं घेते.

भामाबाई

तेरावं झाल्यावर चार-पाच दिवसांनी एक बाई दारात आली. नऊवारी नेसलेली, कपाळाला भंडारा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाली, मी भामाबाई, तलावाकडं मेंढरं राखते. पिशवीत नागनाथचं पॅड होतं आणि पेन्सिलींचा डबा. गडबडीत तिथंच राहिलं होतं. पॅडवरचा पत्ता कुणाकडून तरी वाचून घेऊन, दोन रिक्षा बदलून ती आली होती.

मी तिला पाणी दिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"त्या दिशी मला म्हनले, मावशी, पानी हाय का. मी तांब्या दिला. घोटभर प्याले. म्हनले, बसतो जरा. गाडीला टेकून बसले ते बसलेच."

"काही बोलले का?" मनीषानं विचारलं.

"न्हाय गं बाय. पर दीड म्हैना झाला, मी बगत होते की. आदी भराभरा वर जायाचे बांदावर. मग निम्म्यात थांबायचे, छातीला हात लावून. मग चडायचंच सोडलं, गाडीपाशीच बसायचे. मी म्हनलं, दादा, दवाखान्यात दावा की. तर म्हनले, घरात एक पेशंट हाय, दुसरा कशाला? तिचं हुं दे, मग दावतो. लई हासून बोलायचे."

ती गेल्यावर मी कपाटातली त्यांची सगळी चित्रं काढली. बत्तीस होती. तारखेनं लावून जमिनीवर मांडली. पहिली बांधाच्या माथ्यावरून. मग अर्ध्या चढणीवरून. मग पायथ्यावरून. शेवटची सात रस्त्याच्या कडेला बसून काढलेली, त्यातल्या दोन चित्रांत कोपऱ्यात स्कूटरचं हँडलही आलेलं. पाणी आटलं नव्हतं. पाण्यापर्यंत ते पोचत नव्हते.

आणि कोपऱ्यात माझं अक्षर. जरा वर चढा.

सव्वीस वर्षं मी मुलींना शिकवलं, की चित्र बघताना आधी हे ओळखा, की काढणारा कुठं बसलाय.

मनीषा

मनीषा माझ्या मागं उभी राहून बघत होती. तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "आई, तुझ्या आजारात बाबांकडं कुणी बघितलंच नाही." मग म्हणाली, "तू रोज घरात होतीस."

मी म्हणाले, "हो."

ती दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. महिनाभर आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, एवढंच. मला तिचा राग आला नाही, कारण तिनं खोटं काही म्हटलं नव्हतं. मग एकदा तिचा दुपारी ऑफिसातून फोन आला. म्हणाली, "मी रोज फोन करायचे तेव्हा बाबांना एकच विचारायचे, आई कशी आहे. तुम्ही कसे आहात, असं एकदाही विचारलं नाही." पुढं तिला बोलता येईना. मी इकडं फोन धरून बसले. दहा मिनिटं तरी दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

दोष कुणाचा, हा हिशोब अजून माझ्या मनात चालूच असतो. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत हृदय तपासलं असतं तर कदाचित वाचले असते. कदाचित. हा शब्द मला कॅन्सरपेक्षा जड गेला.

पुन्हा बाहेर

बोटांच्या मुंग्या वर्षभरानं कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात सलीमभाईंच्या रिक्षानं मी पहिल्यांदा बाहेर चित्र काढायला गेले. तलावावर नाही. दुधनीच्या रस्त्याला. तुरीला पिवळी फुलं होती. माझी रेघ आता थरथरते. आधी मी ती खोडायचे, आता राहू देते. ऊन कागदावर आलं की जागा बदलावी लागते, दुसरा इलाज नाही. एक शेतकरी येऊन उभा राहिला, कुणासाठी काढताय म्हणाला. मी म्हटलं, "सहज." पेन्सिली गोळा करून रिक्षात येऊन बसले आणि सलीमभाई काही न विचारता पेपर वाचत राहिले, माझं रडणं संपेपर्यंत.

मी जाते अजून. बरं वाटतं म्हणून नाही. तिथं बसल्यावर तासभर तरी डोळे दुसऱ्या कशावर तरी असतात.

गेल्या महिन्यात

गेल्या महिन्यात माझी सहामाही तपासणी होती. लिफ्ट बंद होती. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, डोक्याला स्कार्फ, भुवया नुकत्याच गेलेल्या. तिचे मिस्टर फाइल, पाण्याची बाटली, डबा, सगळं घेऊन जिना चढून आले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. उभेच राहिले. कपाळावर घाम.

मी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"करकंबचे," ते म्हणाले. बोलायला त्यांना जरा वेळ लागला.

"तुमची तपासणी कधी केली होती शेवटची?"

"माजी? मला काय झालंय? हिचंच चाललंय सगळं."

"जिना चढल्यावर असं रोज होतं?"

त्यांनी बायकोकडं बघितलं. ती त्यांच्याकडं बघत होती, आणि मला कळलं की तिनं हे आत्ताच पहिल्यांदा बघितलंय.

मी त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की खालच्या मजल्यावर ईसीजी निघतो, जाऊन लगेच काढून या. ते म्हणाले, हिचा नंबर लागेल इतक्यात, हिच्यापाशी कोण बसणार? मी म्हटलं, "मी बसते. माझा नंबर तिच्या मागंच आहे." तरी ते हलेनात. मग ती बाई म्हणाली, "जावा की वो. मॅडम हायत न्हवं."

ते फाइल बाकावर ठेवून, कठड्याला धरून हळूहळू खाली गेले. ती जिन्याकडं बघत राहिली. तिचा हात गार पडला होता, मी तो माझ्या हातात घेतला. बराच वेळ गेला. मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्यासंगं कोन आलंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच येते आता."

तिनं डबा उघडला, अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, आणि आम्ही दोघी तो माणूस वर यायची वाट बघत खात बसलो.